मेणवलीचा वाडा आणि भिंतीआडच्या गमती

शंकराच्या देवळाशेजारी टांगलेली घंटा, आणि तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी! वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेकाठच्या मेणवलीला हे दृश्य रोज बघायला मिळतं. घंटा पोर्तुगीजांची, साल १७०७. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मग मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. एक भीमाशंकरला गेली, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात पोहोचली आणि एक इथे, मेणवलीच्या मेणेश्वर शंकरापाशी. पंचधातूची, वजनाने साडेसहाशे किलोच्या घरातली. परक्या देवाची म्हणून कुणी ती वितळवली नाही, वरची माय-लेकरं घासून पुसली नाहीत. मेणवलीतली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच. आणि अजून आपण वाड्याच्या दारातही पोहोचलेलो नाही.

कासवांच्या गावचे फडणवीस

वाडा पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचा. त्यांचं पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू मूळचे कोकणातल्या वेळासचे. हो, तेच वेळास, जिथे आज ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघालेली बघायला गर्दी होते! नानांचे आजोबा पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर १७१९ मध्ये दिल्लीला गेले आणि तिथल्या दंगलीत मारले गेले. पेशव्यांच्या हिशेबाची फडणिशी घराण्यात टिकली ती अशी, रक्त सांडून.

नानांचा जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. विशी गाठायच्या आतच त्यांनी पानिपत पाहिलं. फौजेबरोबर उत्तरेच्या तीर्थयात्रेला म्हणून निघालेली आई तिथे कायमची हरवली. नाना कसेबसे जिवंत परतले आणि हे सगळं त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं. अठराव्या शतकातल्या मराठी कारभाऱ्याचं आत्मचरित्र ही केवढी दुर्मीळ चीज आहे!

मेणवली गाव त्यांना १७६८ मध्ये औंधच्या भवानराव प्रतिनिधींकडून इनाम मिळालं. नानांनी तिथे वस्ती वसवली, नदीला चंद्रकोरीच्या आकाराचा घाट बांधला, घाटावर शंकराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं उभी केली आणि सहा चौकांचा वाडा बांधला. वाड्याची पाठ नदीकडे आहे. मागच्या दाराने निघालं की थेट घाट, मधे रस्ता नाही की गल्ली नाही. घरातल्या बायकांनी नदीवर जावं आणि चव्हाट्यावरून जावं लागू नये, याची सोय नकाशातच झालेली.

हा घाट तुम्ही पडद्यावर नक्की पाहिला असेल. ‘स्वदेस’ (२००४) मधलं चरणपूर गाव कथेत उत्तर प्रदेशातलं आहे, चित्रीकरण मात्र इथलं. ‘मृत्युदंड’ आणि ‘गंगाजल’ हे दोन सिनेमे बिहारच्या कहाण्या सांगतात, तेही मेणवलीच्या दगडांवर. कृष्णा किती वेळा गंगा झाली याचा हिशेब ठेवायलाही फडणवीसच हवेत!

मान वाकवल्याशिवाय प्रवेश नाही

पेशवाईतल्या कुठल्याही मोठ्या वाड्याच्या दारापाशी जरा रेंगाळा. महादरवाजाच्या एका फळीत एक छोटं दार असतं, ती दिंडी. रोजची ये-जा तिच्यातूनच. उंची इतकी बेताची की आत येणाऱ्याने मान खाली घालून, एक पाय पुढे टाकूनच यावं. यात देवाघरी वाकावं तशी अदब आहेच, पण पहारेकऱ्याचा फायदा त्याहून मोठा. एका वेळी एकच माणूस आत येणार, तोही वाकलेला, म्हणजे हत्यार उपसायला हात मोकळा नाही.

आता दाराच्या मागे बघा. दोन्हीकडच्या भिंतींत चौकोनी भोकं दिसतील. एक उथळ, दुसरं चांगलं खोल. हे अडसराचं घर. दिवसा तो जाडजूड वासा भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचा, रात्री ओढून दारामागे आडवा करायचा. बाहेरून कुणी कितीही धक्के मारले तरी सगळा भार भिंतीवर जातो, कडी-कोयंड्यावर काहीच येत नाही. ओसाड पडलेल्या वाड्यांतून दारं कधीच गेलेली असतात, पण ही भोकं राहतात, आणि त्यांच्या खोलीवरून दार केवढं रुंद होतं ते कळतं.

दिंडीतून आत आलात तरी घर दिसत नाही. दोन्ही बाजूंना पहाऱ्याच्या देवड्या, समोर बऱ्याचदा भिंत, आणि वाट एका अंगाने वळलेली. रस्त्यावरच्या नजरेला चौकातलं काहीही दिसू नये, म्हणून ही मुरड. पहिला चौक कचेरीचा. कारकून, येणारे-जाणारे, तक्रारी घेऊन आलेले पाटील सगळे तिथेच थांबायचे. त्यापुढचा घरातल्या पुरुषांचा आणि पाहुण्यांचा. मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर. शेवटी गोठा आणि परसू. जितके चौक आत, तितकं नातं जवळचं. आलेल्या माणसाला कुठल्या चौकात बसवलं यावरून त्याचा मान कळायचा, तोंडाने काही सांगावं लागत नसे.

चौकाचं आणखी एक काम होतं. भर उन्हाळ्यात दुपारी चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि ओसरीवरून, पडवीतून गार हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात चारही बाजूंच्या पाखांवरचं पाणी चौकात उतरतं आणि फरशीखालच्या गटारीने बाहेर पडतं. चौक कोंडवाडा होत नाही तो या गटारीमुळे. वाड्याची डागडुजी करताना लोक नवी फरशी घालतात, ही जुनी वाट बुजवतात आणि मग भिंतींना ओल का आली म्हणून हैराण होतात.

भिंतीच्या पोटात काय काय

इथे मात्र घाई करू नका. वाड्याची खरी मजा भिंतींत आहे.

तळमजल्याच्या भिंती हातभर नव्हे, चांगल्या दोन-तीन हात जाड असतात. खाली घडीव दगडाचं जोतं, वर पातळ विटा आणि माती किंवा चुना. चुना तरी किती सोपस्काराचा! कळीचा चुना आणि वाळू बैलाच्या घाणीत दिवस न् दिवस मळायची, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी असं काय काय पडायचं. प्रत्येक गवंड्याचा हात वेगळा, पाठ वेगळा. मिश्रण जितकं मळलं जाईल तितकं घट्ट. सोलापूर-मराठवाड्याकडच्या गढ्यांमध्ये तर पांढऱ्या मातीच्या भिंती चढवलेल्या दिसतात. पावसाने वरून झिजतात, पण पडत नाहीत. या भिंतींना सिमेंटचा गिलावा करणं म्हणजे त्यांचा श्वास कोंडणं. आतली ओल बाहेर येऊ शकत नाही आणि भिंत आतून भुसभुशीत होते. वाडा दुरुस्त करायला काढलेल्या प्रत्येक घराला हे सांगावंसं वाटतं: चुन्याचा गवंडी शोधा, थोडा जास्त वेळ लागू द्या.

एवढी जाड भिंत नुसती उभी ठेवायची नाही, तिला कामाला लावायचं. म्हणून तिच्यात जिना. माजघरात एखादं फडताळासारखं दार उघडावं आणि आत काळोखी, उभ्या चढणीच्या, जेमतेम एका माणसाच्या रुंदीच्या पायऱ्या निघाव्यात! वरच्या टोकाला लाकडी झडप. माडीवर गेलेल्या माणसाने झडप पाडून तिच्यावर एक पेटी सरकवली की खालून कुणाची टाप नाही. लहान मुलांच्या तोंडी हाच चोरजिना होतो, आणि चोरजिन्याचं पुढे भुयार होतं. गावोगावच्या ‘वाड्यापासून किल्ल्यापर्यंत भुयार’ अशा कहाण्यांतली बरीचशी भुयारं म्हणजे भिंतीतले जिने, धान्याची तळघरं किंवा पाण्याच्या वाटा असतात. माझ्या मते खऱ्या गोष्टी त्या कहाण्यांपेक्षा जास्त रंगतदार आहेत.

मग कोनाडे. दिव्याचा कोनाडा कमानीचा आणि वर काजळीची जीभ उमटलेला. देवाचा कोनाडा पूर्वेकडे तोंड केलेला. काही कोनाड्यांच्या मागे आणखी एक पोकळी. पुढे एक फळी किंवा वीट, मागे मोहरांची पिशवी. संकट आलं तर हाच कोनाडा लिंपून टाकायचा, भिंत सपाट. अशा भिंती टकटक करून बघायची खोड आजही वाडे पाडणाऱ्या मजुरांना असते.

धान्याची सोय दोन तऱ्हांची. बळद म्हणजे दोन भिंतींमधली किंवा खोलीच्या अंगची बंदिस्त जागा. वरून धान्य ओतायचं, खालच्या छोट्या तोंडातून काढायचं. आधी भरलेलं आधी निघतं, जुनं तळाशी सडत नाही. पेव मात्र जमिनीत. आत कडबा किंवा भुसा लावून ज्वारी भरायची, तोंडावर दगड, वरून माती. बाहेरच्या माणसाला पायाखाली वर्षभराचं धान्य आहे हे कळायचंही नाही. पण पेव उघडणं जोखमीचं. आत कोंडलेली हवा विषारी झालेली असते. तोंड उघडून बराच वेळ थांबायचं, दिवा सोडून बघायचा, तो तेवत राहिला तरच माणूस उतरायचा. ही घरातल्या वडीलधाऱ्यांची शिस्त होती, आणि ती मोडल्याने पेवात माणसं दगावल्याचीही उदाहरणं आहेत.

छताला लटकलेली केळफुलं

वर बघा. खांब खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला, सरळसोट सुरूच्या झाडासारखा, म्हणून सुरूचा खांब. ही घडण उत्तरेकडच्या मोगल इमारतींतून आली आणि सागवानात आपली झाली. खांबांमधल्या लाकडी महिरपींच्या टोकांना उलटी केळफुलं लोंबतात. पाकळ्या एकावर एक, टोक खाली. भार पेलण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. सुताराने ती हौसेने कोरलेली आहेत, आणि एका रांगेतली दोन केळफुलं ताडून बघितली तर हात बदललेला ओळखूही येतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. ‘पाच खणी सोपा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला घराचा ऐसपैसपणा कळायचा, फुटांची गरज नव्हती.

मेणवलीच्या वाड्यात पेशवेकालीन भित्तिचित्रंही आहेत. नानांना चित्रांचा शौक चांगलाच होता. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९० च्या दशकात पुण्यात राहिला. त्याने नानांचं चित्र काढलं, पेशवे सवाई माधवरावांचं काढलं, आणि गंगाराम तांबट हा अव्वल मराठी चित्रकार त्याच्या हाताखाली काम करत होता. नाना दिसायला कसे होते, उंच, सडपातळ, करारी डोळ्यांचे, हे आपल्याला माहीत आहे ते या चित्रांमुळे.

नळाला पाणी, सन १७५०

पुण्यातल्या वाड्यांची एक गंमत जमिनीखाली आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून घेतला आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ आणला. माणूस चालू शकेल एवढी ही वाट. पंप नाही, रहाट नाही, फक्त उतार. मधे मधे उच्छ्वास, म्हणजे हवा आणि पाहणी यांसाठी काढलेली तोंडं. शहरभर हौद, आणि काही खाशा वाड्यांत थेट कात्रजचं पाणी. शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं याच पाण्यावर उडायचं, आणि ते बालपेशव्या सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी बांधलं होतं. रस्ते खणताना आजही पुण्यात अधूनमधून हा नळ उघडा पडतो.

लाकूड मात्र आगीला शरण. शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळाला. १८७९ मध्ये बुधवारवाडा गेला आणि त्याच रात्री विश्रामबागवाड्याचाही मोठा भाग होरपळला. उरलंसुरलं १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नेलं. नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे पाण्यात बसले ते बसलेच. आज पुण्यात एखादा वाडा धड उभा दिसला तर तो या तिन्ही तडाख्यांतून वाचलेला आहे एवढं ध्यानात ठेवून त्याच्याकडे बघावं.

भाऊबंदकीतून शाळा

नानांचा पुण्यातला वाडा १७८० चा, शनिवारवाड्याच्या अगदी जवळ. त्यांचे चुलतभाऊ मोरोबादादा यांचाही वाडा पुण्यातच. दोघांचं जमलं नाही. मोरोबांनी १७७८ मध्ये कारभार हिसकावण्याचा डाव टाकला, तो फसला आणि त्यांची रवानगी कैदेत झाली.

आता शंभर वर्षं पुढे या. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं ते मोरोबादादांच्या वाड्यात! आणि पुढे ही शाळा नांदली ती नानावाड्यात. ज्या दोन भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, त्यांच्या घरांनी एकच शाळा वाढवली. पुण्याच्या वाड्यांना शाळा मानवतातच म्हणा. विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची मुलींची शाळा १८४८ मध्ये भिडेवाड्यात सुरू झाली. भिडेवाडा २०२३ च्या डिसेंबरात उतरवला गेला, स्मारकासाठी. स्मारक व्हायलाच हवं, पण त्या मूळ भिंती वेळेत सावरल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

एक फेरी गोव्याची, एक ग्वाल्हेरची

जुन्या घरांच्या गमती महाराष्ट्राबाहेरही आहेत. दक्षिण गोव्यात चांदरला मिनेझिस ब्रागांझांचं घर आहे. दर्शनी बाजूला ओळीने चोवीस खिडक्या. घर एक, पण अंग दोन, पूर्वेचं एका शाखेचं आणि पश्चिमेचं दुसऱ्या. पश्चिमेच्या अंगात लुईस द मिनेझिस ब्रागांझा या पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या पत्रकाराचा प्रचंड ग्रंथसंग्रह आहे. पूर्वेच्या अंगातल्या खासगी चॅपेलमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं नख जपून ठेवलंय. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे असत. ऊन आत येतं पण भाजत नाही, बाहेरचा आत पाहू शकत नाही. वाड्यातल्या जाळीच्या सज्ज्याचं काम तिथे समुद्राने केलं.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा जयविलास १८७४ चा. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत पेलेल का हे ठरवायला आधी हत्ती वर चढवले, असं तिथे सांगतात. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी मात्र कुणीही जाऊन बघावी.

वाडा वाचवला जिऊबाईंनी

परत मेणवलीला. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले तेव्हा त्यांच्या मागे राहिलेली पत्नी जिऊबाई अजून बालवयात होती. पेशवा दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या संपत्तीवर. नानांचा भरवशाचा किल्ला लोहगड. तिथली सोळा कोनी बाव त्यांनीच बांधलेली. किल्लेदार धोंडोपंत या मुलीला घेऊन लोहगडावर ठाण मांडून बसले आणि हटले नाहीत. शेवटी मध्यस्थी केली आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनने! जिऊबाई कंपनीच्या संरक्षणाखाली पनवेलला राहिल्या, त्यांना तनखा मिळाला आणि पेशवाई बुडाल्यावर त्या मेणवलीला परतल्या. त्यांनी दत्तक घेतला, वंश पुढे चालला. पेशवाईचे बहुतेक वाडे सरकारजमा झाले, विकले गेले, जळाले. मेणवलीचा वाडा मात्र आजही घराण्याच्याच मालकीचा आहे. त्याचं श्रेय इतिहासाने एका लहान विधवेला द्यायला हवं, आणि ते पुरेसं दिलं गेलेलं नाही.

मोहरा नव्हेत, रुमाल

नानांचं गुप्तधन कुठे आहे, हा प्रश्न दोनशे वर्षं विचारला जातोय. खरा ठेवा याच वाड्यात होता आणि तो सोन्याचा नव्हता. मोडीतली पत्रं, हिशेब, वकिलांची बातमीपत्रं, सगळं कापडाच्या रुमालांत बांधून रचून ठेवलेलं. हेच मेणवली दप्तर. हैदराबाद, श्रीरंगपट्टण, दिल्ली, मुंबई, कुठे काय शिजतंय ते नानांना घरबसल्या कळायचं ते या कागदांतून.

हे दप्तर अभ्यासकांपुढे आणण्याचं मोठं काम दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी केलं. त्यांनी साताऱ्याला ऐतिहासिक संग्रहालय उभारलं. तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेला. सवाई माधवरावांच्या काळाबद्दल आज आपण जे काही खात्रीने बोलतो, त्यातला मोठा वाटा अशा रुमालांचा आहे.

घरोघरच्या वाड्यांत असे रुमाल अजूनही असतील. माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात. वाडा विकसकाकडे देताना पितळी भांडी आणि कोरीव खांब यांचे पैसे सगळे करतात. कागद मात्र रद्दीत जातात, नाहीतर बंबात. मोडी वाचता येत नसेल तर टाकू नका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतंय, आणि मोडी शिकवणारे वर्ग बऱ्याच शहरांत चालतात. या मंडळाच्या संस्थापकांतले विश्वनाथ काशिनाथ राजवाडे असेच दारोदार फिरले, भाजी-भाकरीवर राहिले आणि घराघरांतून कागद गोळा केले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. ती सापडली वाईत, नानांच्या वाड्यापासून पायी तासाभराच्या अंतरावर.